रडीचा डाव आणि मधुवंती गंधे

माणूस फासा कसा टाकतो यावरून त्याचं पाणी जोखता येतं, असं मधुवंती गंधेचं ठाम मत होतं, आणि त्या मापाने नगर शहरातली बरीचशी माणसं तिच्या मनातून कधीच उतरलेली होती. कुणी फासा तळहातात इतका वेळ घोळवायचा की जणू अंडं उबवतोय. कुणी फुंकर मारायचा. कुणी टाकायच्या आधीच तोंड वाकडं करून ठेवायचा, म्हणजे वाईट दान पडलं तर ‘मी म्हटलंच होतं’ म्हणायला मोकळा. आणि सगळ्यांत हलके ते, जे पडलेल्या दानाकडे बघून म्हणायचे, “हे नाही हं धरायचं.”

“मग काय धरायचं? तुमचं बोट?” ती विचारायची.

नोकरीने ती जिल्हा न्यायालयात स्टेनो. पिंजऱ्यातला साक्षीदार एक बोलतो, वकिलाची भुवई जरा वर गेली की लगेच ‘तसं नव्हतं म्हणायचं मला’ म्हणतो. मधुवंतीची बोटं पहिलंही टिपून घेत आणि दुसरंही. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही ही तिथली रीत, म्हणून दिवसभरातली सगळी तुच्छता ती डब्यासारखी बांधून घरी न्यायची.

तशी ही तुच्छता ती न्यायालयात शिकलेली नव्हती. प्रोफेसर कॉलनीतल्या घरात लहानपणी सापशिडी मांडली की धाकटा भाऊ सापाच्या तोंडी गेल्याबरोबर भोकाड पसरायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “टाकू दे गं त्याला परत, लहान आहे तो.” तो कॉलेजात जाईपर्यंत लहानच राहिला. इंजिनिअरिंग सोडून कॉमर्स, कॉमर्स सोडून हॉटेल मॅनेजमेंट. प्रत्येक वेळी घराने त्याला फासा उचलून हातात दिला. मधुवंतीला मात्र बारावीला जे मार्क पडले त्यांच्यावरच जन्म काढायचा होता. पुढे लग्न ठरलं. साखरपुडा झाल्यावर मुलाकडून निरोप आला, ‘जरा परत विचार करतो.’ घरचे त्याचा विचार होईपर्यंत थांबायला तयार होते. हिने त्याच संध्याकाळी अंगठी पोचती केली. काही दिवसांनी त्याचा होकार आला, तेव्हा ती उत्तर द्यायच्याही फंदात पडली नाही.

अशी ही बाई खेळाला लागली ती फैयाजभाईंमुळे. झेंडीगेटला त्यांची बेकरी. वरच्या खोलीत मैद्याची पोती भिंतीला सारून ते आणि त्यांचे दोस्त रविवारी दुपारी एक खेळ मांडायचे. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक. ‘मी दार फोडतो,’ असं खेळणारा म्हणाला, की दार फुटलं की खांदा मोडला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. मोठं दान चांगलं, छोटं वाईट. मधुवंती एकदा नानकटाई घ्यायला गेली असताना वरचा आरडाओरडा ऐकून जिना चढली आणि तिथलीच झाली. वर्षभरात सूत्रधाराची खुर्ची तिच्याकडे आली, कारण तिच्या टेबलावर कुणाचं काही चालत नाही ही कीर्ती झाली होती. कीर्ती म्हणायची की अपकीर्ती, हे कोण बोलतंय त्यावर होतं.

मग पुण्याच्या ‘दख्खन मंडळा’ने राज्यभरातली अशी टेबलं एका नियमाखाली आणली. नगरला मोठं झालेलं तुमचं पात्र उद्या नाशकात जसंच्या तसं चालेल. पण त्यासाठी ते सगळीकडे सारख्याच नियमांनी मोठं झालेलं असलं पाहिजे. फाशाचे नियम तर एका श्वासात सांगता येतील असे. फासा टेबलाखाली गेला किंवा कशाला टेकून तिरका राहिला, तर तो सगळ्यांनाच परत टाकावा लागतो, सूत्रधारालासुद्धा. एरवी पडलं ते दान. शिवाय प्रत्येकाला दिवसात एक ‘राखीव’ मिळतं: आपलं किंवा आपल्यावर आलेलं दान आवडलं नाही तर एकदा परत टाका, मात्र सूत्रधाराने निकाल सांगायच्या आधी. तोंडातून निकाल बाहेर पडला की राखीवची वेळ गेली. मधुवंतीला हे राखीव प्रकरणसुद्धा लाडावलेल्या पोरांसाठी काढल्यासारखं वाटायचं. पण नियम म्हणजे नियम. तिने तो पाळला.

या नियमापायी तिने सिमरनची चांदणी मारली होती. सिमरन राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकायची आणि रविवारी एसटीने यायची. चांदणी हे तिचं पात्र, नदीवरची नावाडीण, दोन पावसाळे जपून वाढवलेली. एका रविवारी मगरीच्या हल्ल्याला मधुवंतीने सगळ्यांदेखत फासा टाकला आणि मगरीला वीस पडले. सिमरनचं राखीव आधीच संपलेलं होतं. सगळं टेबल कळवळलं. अनीश खिस्ती तर म्हणाला, “ताई, तुम्ही समोर पुठ्ठा उभा करून त्याच्याआड टाकत जा ना फासा. मग काय पडलं ते आम्हाला कशाला कळतंय?”

“मला कळतं ना,” मधुवंती म्हणाली.

सिमरनने ओठ घट्ट मिटले आणि विचारलं, “नदीत गेली ना? मग बरंय. तिला नदीच आवडायची.” पुढच्या रविवारी ती नवं, कोरं पात्र घेऊन आली. मधुवंतीने उघडपणे कधी कुणाचं कौतुक केलं नाही. त्या दिवशी मात्र तिने सिमरनपुढे खारीची बशी आधी सरकवली.

आता हा अनीश. हा माणूस व्यवसायाने प्रेरणा द्यायचा. शेवगावपासून राहुरीपर्यंतच्या कॉलेजांतून त्याची व्याख्यानं व्हायची. विषय ठरलेला, ‘अपयशाला मिठी मारा’. कोट घालून, छातीवर हात ठेवून तो पोरांना सांगायचा की हार ही जीवनाची गुरुकिल्ली आहे. आणि रविवारी याच माणसाला वीसपैकी तीन पडले की त्याचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा व्हायचा. पंख्याचा वारा लागला, हात घामेजला होता, फासा नीट फिरलाच नाही, मी अजून टाकलाच नव्हता, तो निसटला. मधुवंती हे सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “तीन.” त्याचं पात्र होतं रुद्रप्रताप, चिलखती सरदार. जेवढा धनी लेचापेचा तेवढं नाव दणकट, असा तिचा हिशेब होता.

मंडळाच्या राज्य स्पर्धेची जिल्हा फेरी सावेडीच्या एका सभागृहात भरली. चार-पाच टेबलं, सगळ्यांना एकच गोष्ट. ज्या टेबलाची माणसं काम फत्ते करून जास्तीत जास्त जिवंत परततील ते टेबल पुण्याच्या अंतिम फेरीला जाणार. मधुवंतीच्या टेबलावर अनीश, सिमरन आणि हिवरे बाजारकडचा गोरक्षनाथ. गोरक्षनाथाच्या गोठ्यात म्हशी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि पात्र म्हणजे भुजंगा नावाचा जटाधारी मांत्रिक. देखरेखीला पुण्याहून मंडळाचा समन्वयक आलेला, सुश्रुत नावाचा. गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. आल्या आल्या त्याने जाहीर केलं, “आज कुणीच हरायला आलेलं नाही, सगळे आनंद घ्यायला आलोत.” मधुवंतीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. तिच्या लेखी तेवढं पुरे होतं.

खेळ रंगला. दुपारपर्यंत तिघं दरीवरच्या दोरांच्या पुलाशी पोचले. पलीकडे किल्ला, किल्ल्यात राखणदार वेताळ. सिमरन पार झाली, भुजंगा धडपडत पार झाला. रुद्रप्रताप चिलखतासकट पुलावर चढला. अनीशने फासा टाकला. दोन.

मधुवंती थांबली. राखीवसाठी जेवढं थांबायचं तेवढं थांबली. अनीश फाशाकडे बघत राहिला, मग सिमरनकडे बघून हसला, कोटाचं बटण चाचपलं. बोलला मात्र काही नाही.

“दोर तुटला,” मधुवंती म्हणाली. “रुद्रप्रताप दरीत गेला.”

“राखीव!” अनीश ओरडला. “राखीव वापरतो मी!”

“वेळ गेली.”

“अहो ताई, मी म्हणणारच होतो. तोंडावर आलं होतं माझ्या.”

“तोंडावर आलेलं मला ऐकू येत नाही. तोंडातून आलेलं येतं.”

अनीश उठला. त्याने हात वर करून सुश्रुतला बोलावलं, जसं हॉटेलात भाजीत झुरळ निघाल्यावर मालकाला बोलावतात. सुश्रुत आला, दोघांचं ऐकून घेतलं, मान तिरकी केली. “मॅडम, तुमचा मुद्दा नियमाला धरून आहे. पण शेवटी खेळाचा आत्मा काय? आनंद. देऊया ना त्यांना एक संधी.”

“नियमाला धरून आहे म्हणता, मग सोडता कशाला?”

“सोडत नाहीये मॅडम. फक्त जरा… लवचीक होतोय.”

कणा नसलेल्यांना लवचीकपणाचं केवढं कौतुक, असं मधुवंतीच्या मनात आलं. पण समन्वयकाचा शब्द अखेरचा, हाही मंडळाचाच नियम होता. तिने फाशाकडे बोट केलं. अनीशने फासा उचलला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि टाकला.

पाच.

गोरक्षनाथला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं. रुद्रप्रताप दुसऱ्यांदा दरीत गेला होता. आणि तेवढ्यात या प्रेरणादात्याने टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बोट दाखवलं. “कपाला घासला! फासा कपाला घासून गेला. हा धरता येणार नाही.”

“घासला, टेकला नाही,” सिमरन म्हणाली. “सपाट पडलाय. बघा की.”

“मला आवाज आला.”

सुश्रुतने घड्याळाकडे पाहिलं, बाकीच्या टेबलांकडे पाहिलं, आणि कटकट मिटवणाऱ्या माणसाचा तो जगप्रसिद्ध निर्णय दिला: “टाका हो, टाका.”

तिसऱ्यांदा सतरा पडले. अनीशने दोन्ही मुठी हवेत नेल्या आणि ‘येस!’ म्हणाला. दोनदा मेलेला माणूस ओरबाडून वर काढला होता आणि त्याचा त्याला अभिमान वाटत होता. हे बघताना मधुवंतीला राग आला नाही. रागाला निदान समोरच्याची थोडी किंमत करावी लागते.

गोरक्षनाथ मात्र गप्प बसला नाही. “डेअरीवर फॅट कमी लागली तर आमी बी म्हनतो, परत लावा,” तो अनीशला म्हणाला. “पन तिसऱ्यांदा म्हनलं तर कॅन उचलून भाईर ठिवत्यात, आन् मंग गावात त्वांड दाखवायची सोय ऱ्हात न्हाई.”

“खेळ आहे हो, गोरक्षनाथ.”

“व्हय, खेळच हाय. म्हनून तर.”

मधुवंती सुश्रुतकडे वळली. “एक विचारते. मेलेल्याला परत उठवायची सोय झालीच आहे, तर या मुलीची चांदणी मागच्या हंगामात नियमाने गेली. तिलाही एक फासा द्या.”

“मॅडम, ते जुनं झालं आता. असं मागं मागं गेलो तर—”

“मला नकोय, ताई,” सिमरन मधेच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “चांदणी मगरीशी झुंजून गेली. आता ती एखाद्याच्या मेहरबानीवर परत आली, तर मी तिच्याकडे बघू कशी?” मग ती अनीशकडे वळली. “तुमच्या रुद्रप्रतापला उद्या कुणी विचारलं, त्या पुलावरून वाचलास कसा, तर काय सांगेल तो? माझ्या मालकाला चहाच्या कपाचा आवाज आला म्हणून?”

शेजारच्या टेबलावरचे दोघं-तिघं हसले. अनीशनेही हसून घेतलं, छातीवर हात ठेवून, जणू विनोद त्याच्या बाजूचा होता. तिघं किल्ल्यात शिरले आणि खेळ पुढे चालू झाला. मधुवंतीने गोष्ट सांगण्यात कसर केली नाही. चिडून गोष्ट बिघडवणं हाही एक रडीचा डावच, असं ती मानत होती.

शेवटी वेताळ समोर आला. त्याचा घाव रुद्रप्रतापवर, आणि फासा अर्थातच मधुवंतीचा. तिने टाकला. फासा गडगडत गेला आणि अनीशच्या मोबाईलला टेकून तिरका उभा राहिला. इकडून बघितलं तर एक, तिकडून बघितलं तर एकोणीस. एक म्हणजे वेताळ स्वतःच्याच तलवारीवर पडणार. एकोणीस म्हणजे रुद्रप्रतापचं मुंडकं.

“एक!” अनीश किंचाळला. “एक पडला! जिंकलो!”

“तिरका आहे,” मधुवंती म्हणाली. “सगळ्यांना दिसतोय. परत टाकावा लागेल.”

आणि मग त्या माणसाने, दोन फासे गिळून ढेकरही न दिलेल्या त्या माणसाने, छाती पुढे काढून म्हटलं, “असं कसं, ताई? तुम्हीच म्हणता ना, पडलं ते दान? आता तुमच्यावर आल्यावर नियम बदलला होय?”

न्यायालयात मधुवंतीने खोटं बोलणारे पाहिले होते, पण खोटं बोलताना मनापासून दुखावले जाणारे थोडे.

सुश्रुत पुन्हा आला. वाकून फाशाकडे पाहिलं. “तिरका आहे खरा,” तो म्हणाला, “पण मॅडम, फायदा खेळणाऱ्यांना देऊया ना. एक धरा. गोड शेवट होईल. सगळ्यांचाच आनंद.”

“म्हणजे सपाट पडलेला फासा धरायचा नाही आणि तिरका पडलेला धरायचा.”

“आज तसं समजा.”

तिने फासा मोबाईलवरून अलगद उचलला आणि सुश्रुतच्या तळहातावर ठेवला. “मग हा तुमच्याकडे ठेवा. तुम्हाला हवे ते आकडे तुम्ही तोंडाने सांगा. फाशाला उगाच कशाला मधे घेता? आणि दुसरा सूत्रधार बघा. मी मंडळातून मोकळी झाले.”

ती पर्स घेऊन निघाली. दारात गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्या या ताठ्याने टेबल बाद झालं तर सिमरन आणि गोरक्षनाथचं पुणं हुकणार. ती वळली. पण सुश्रुत तिच्या खुर्चीवर बसलाही होता आणि गोड आवाजात वेताळाला मारत होता. टेबल पहिलं आलं.

सिमरन पायऱ्यांवर तिला गाठायला धावत आली. “मी नाही जाणार पुण्याला.”

“माझ्यासाठी नको थांबूस. मला असले हुतात्मे आवडत नाहीत.”

“तुमच्यासाठी नाही हो. घरी अब्बांना काय सांगू? जिंकले कशी म्हणून विचारतील ना ते.”

मागून गोरक्षनाथ आला, मान खाली घालून, टोपी हातात. “ताई, म्या जातू,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू. तिकडं मोठमोठी खेळनारी येत्यात म्हनं. मला लई बगायचंय.”

मधुवंतीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. तिच्या तोंडाचा कोपरा सवयीने खाली ओढला गेलाही. पण या माणसाने फासा कधी दोनदा मागितला नव्हता आणि आत्ताही तो सबब सांगत नव्हता. “जा,” ती म्हणाली. “आल्यावर काय पाहिलंत ते सांगा.”

तो आला तो फैयाजभाईंच्या खोलीतच, एका रविवारी. मंडळाची पाटी उतरवून मधुवंतीने तिथे आपलं साधं टेबल मांडलं होतं. खेळायला सिमरन आणि स्वतः फैयाजभाई, बस. गोरक्षनाथ पोत्यावर टेकला, पाणी प्याला.

“सांगा की,” फैयाजभाई म्हणाले. “कोण जिंकलं?”

“समदी.”

“सगळी म्हणजे?”

“समदी म्हंजी समदी. कुनी मरतच न्हाई तिथं. एका बाईचा फासा चारदा पडला, चारीदा तिला पसंत न्हाई. सुश्रुतसाहेब म्हनले, टाका, टाका. राक्षस बिचारा उभा ऱ्हाऊन ऱ्हाऊन कटाळला. शेवटी समद्या टेबलांना पहिला नंबर दिला आन् फोटू काढला. आपले अनीशराव मदोमद.” त्याने पेला खाली ठेवला. “एसटीत मला झोप लागली, ताई. एवढं बगून आलू, पन कुनाला सांगावं आसं कायच न्हवतं.”

मधुवंती हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं आणि फैयाजभाईंनी खालून चहा मागवला.

त्यानंतर अनीशच्या व्याख्यानांच्या फलकावर नावाखाली ‘राज्यविजेता’ अशी ओळ झळकू लागली. लोक टाळ्या वाजवत. ज्यांना टाळ्याच वाजवायच्या असतात त्यांना कारण लागत नाही, एवढंच मधुवंती त्यावर म्हणाली.

आणि एका दुपारी तोच माणूस बेकरीचा जिना चढून वर आला. कोट नव्हता. दारात उभा राहून म्हणाला, “ताई, मला घ्या ना तुमच्यात. तिकडे आता मजा येत नाही. जे मागाल ते मिळतं.”

मधुवंतीने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं. “बसा.”

अनीशचा चेहरा उजळला. तो अर्धवट बसला आणि म्हणाला, “फक्त एकच विनंती. रुद्रप्रताप आहे तसा चालेल ना? म्हणजे त्याने पुण्यात जे काही मिळवलंय, त्यासकट…”

“रुद्रप्रताप दरीत आहे,” मधुवंती म्हणाली. “नवं पात्र आणा. कोरं. सिमरनने आणलं तसं.”

अनीश स्टुलावर तसाच अधांतरी राहिला. एकदा सिमरनकडे पाहिलं, एकदा फाशाकडे. “विचार करून सांगतो,” तो म्हणाला आणि जिना उतरला.

“हां, तर भुजंगा,” मधुवंती म्हणाली, “विहिरीच्या काठावर आहात. आत काहीतरी हललं. काय करता?”

गोरक्षनाथने फासा उचलला.